इमॅजिकाची पुढची रिलीज

शुक्रवारी रात्री डोंबिवलीच्या कट्ट्यावर पुन्हा तोच विषय, खोपोलीच्या इमॅजिकात आता पुढे काय? 2013 ला पार्क, 2014 ला वॉटर पार्क, 2015 ला हॉटेल, 2016 ला स्नो पार्क. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वाटलं, चला, वर्षाला एक रिलीज पक्की! मग कर्ज डोईजड झालं आणि 2022 मध्ये कंपनी मालपाणींकडे गेली.

एक मित्र म्हणतो 'नायट्रो'पेक्षा मोठा कोस्टर येणार, दुसरा म्हणतो अजून एक हॉटेल. पुरावा? दोघांकडेही शून्य. मला विचाराल तर कोस्टर विसरा. लोणावळा काय, शिर्डी काय, मालपाणींचा हात बसलाय तो पाण्याच्या घसरगुंड्यांवर. तेच वाढवतील. (हाही अंदाजच म्हणा.)

मला मात्र या गप्पांची हल्ली थोडी भीतीच वाटते. लहानपणी बाबांनी मार्व्याहून लाँचने एस्सेलवर्ल्डला नेलं होतं. परतताना म्हणाले, "नवीन काही आलं की पुन्हा येऊ." मग त्यांची शिफ्ट, माझी दहावी, बारावी... राहिलंच. आता तर एस्सेलवर्ल्डच बंद पडलंय. आणि गेली दोन वर्षं मी लेकीला शब्दशः हेच सांगतोय, "नवीन राइड येऊ दे, मग जाऊ."

असो. रविवारची सकाळची खोपोली लोकल बघून ठेवलीये, स्टेशनवरून पुढे रिक्षा. बाबांनाही विचारलं. म्हणाले, "गुडघे दुखतात रे. पण खिडकी मिळवून देणार असशील तर येतो."

डोंबिवलीहून चढून खिडकी! बघू.