साडेपाच फुटांवरची फळी

पुण्यात पर्वतीच्या टेकडीला वळसा घालून दक्षिणेकडे निघाले की सहकारनगर लागते. नावावरूनच कळावे की ही वस्ती सहकारातून उभी राहिली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेकाठच्या पेठांतली हजारो बिऱ्हाडे एका दिवसात उघड्यावर आली. पूरग्रस्तांसाठी पुढे ज्या वसाहती वसल्या, त्यांतल्या काही या भागात आहेत. माझे उरलेले बालपण, सगळे तारुण्य आणि निम्मे म्हातारपण इथल्याच एका बैठ्या घरात गेले. ते घर आम्ही २०२२ साली विकले.

घर विकले यात सांगण्यासारखे काय, असे वाचक म्हणतील. लोक रोज घरे विकतात. पण कंत्राटदाराने बांधलेले घर विकणे वेगळे, आणि चाळीस वर्षे सुटीच्या दिवशी स्वतःच्या हाताने ठोकून, कापून, लिंपून वाढवलेले घर विकणे वेगळे. अशा घराचे एकेक बिजागर ओळखीचे असते. आणि गिऱ्हाईक येते ते नेमके त्याच बिजागराला नाक मुरडते!

आम्ही मूळचे नारायण पेठेतले. पूर आला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर वडिलांचे बोट धरून खोलीवर गेलो, ते दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. घोटाभर चिखल, त्यात पालथे पडलेले पातेले, आणि ट्रंकेत कागदांचा झालेला काळा लगदा. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णांनी तो लगदा हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. त्यात त्यांचा मॅट्रिकचा दाखला होता, विम्याचे कागद होते आणि आजोबांचा एकुलता एक फोटो होता.

१९६४ साली आम्ही नव्या घरात आलो. दोन खोल्या, पुढे दोन पायऱ्या, मागे मोरी. अण्णा पडले कारकून. खिळा ठोकायचा तर आधी स्वतःचे बोट ठोकून घेणारे. पण पहिल्याच रविवारी त्यांनी कुठूनशी फळ्या आणि लोखंडी ब्रॅकेटे आणली आणि बाहेरच्या खोलीच्या भिंतीला एक लांबलचक फळी मारली. जमिनीपासून साडेपाच फुटांवर. घरातला एकूण एक कागद तिच्यावर गेला. आईला रेशनकार्ड काढायचे तर स्टूल लागे. फळी जराशी कललेली होती, त्यामुळे डबे हळूहळू डावीकडे सरकत. दर दिवाळीच्या आवराआवरीत अण्णा सगळे कागद खाली काढीत, पुसत आणि पुन्हा वर ठेवीत. नातेवाईक थट्टा करीत, "अण्णा, तुमची ही फळी बुडायची तर आधी पर्वती बुडायला हवी!" अण्णा नुसते हसत.

हाताला कसब आले ते माझ्या. १९७३ साली पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये लागलो आणि दहा-बारा वर्षांत पुण्यातल्या साऱ्या आळ्या मला पाठ झाल्या. गुरुवारी आम्हाला साप्ताहिक सुटी. त्यामुळे बुधवारी पहिल्या पाळीहून सुटलो की सायकल थेट मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात. तिथे कडी-कोयंड्यांपासून पितळी नळांपर्यंत काय मिळत नसे? स्क्रू आणि बिजागऱ्यांसाठी बोहरी आळी, विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली, बांबूच्या तट्ट्यांसाठी बुरूड आळी, लाकडासाठी भवानी पेठेतला टिंबर मार्केट. ऐंशीच्या दशकात पेठांतले वाडे पाडून तिथे अपार्टमेंटे उभी राहत होती आणि वाड्यांचे जुने सागवान विकायला येत होते. ज्या पेठांतून आम्हाला पाण्याने बाहेर काढले, त्यांच्याच तुळया आणि खिडक्या मी एकेक करून सायकलवरून सहकारनगरला आणल्या. आमच्या घराची पुढची खिडकी सदाशिव पेठेतली होती, मागचे दार कसब्यातले.

असे ते घर वाढत गेले. मागे पडवी झाली, तिची स्वयंपाकखोली झाली. शहाबादी फरशी मी स्वतः बसवली, पाण्याच्या नळीने पातळी घेऊन. आमची सौ. उंचीने चार फूट नऊ इंच. तिच्यासाठी कडप्प्याचा ओटा अठ्ठावीस इंचांवर घेतला. १९९४ साली आईचा पाय मोडला, तेव्हा तिच्या खाटेपासून मोरीपर्यंत भिंतीला गॅल्व्हनाइज्ड पाइपाचा कठडा बसवला. दिव्याची बटणे अशी जोडली होती, की पडवीचा दिवा मालवला तरच अंगणातला लागे. त्यामागे त्या वेळी काही कारण होते. आता ते मला आठवत नाही.

या सगळ्या उद्योगात १९८२ साली मी अण्णांची फळी काढली. त्या भिंतीत मला सागवानी कपाट करायचे होते, खाली सहा खण असलेले, सांधे असे की पोस्टकार्ड शिरणार नाही. फळी वाकडी होती, गंजली होती, खोलीची शोभा घालवीत होती. मी पहार लावली आणि अर्ध्या तासात ती खाली आणली. अण्णा दारात उभे होते. ते काहीच बोलले नाहीत. खाली पडलेले खिळे त्यांनी गोळा केले, पायरीवर बसून एकेक दगडाने सरळ केला आणि डब्यात भरून माझ्या हत्यारांच्या पेटीशेजारी आणून ठेवला. कागद माझ्या खणांत गेले. अण्णा १९८७ साली वारले. त्या फळीचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

आता आमच्या वस्तीची दुसरी बाजू. या भागातून आंबिल ओढा वाहतो. कात्रजकडून येतो आणि पुढे मुठेला मिळतो. जुना, इतिहासातला ओढा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह वळवल्याचे सांगतात. आम्हाला मात्र तो ठाऊक होता तो पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावायला लावणारा म्हणून. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या बाजूला प्रचंड पाऊस झाला आणि हा ओढा पात्र सोडून वस्त्यांत शिरला. अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगर, सगळीकडे हाहाकार उडाला. भिंती कोसळल्या, मोटारी वाहून गेल्या, अनेकांचे प्राण गेले.

आमच्या घरात पाणी दारातून आले नाही, आधी मोरीतून आले. मग दारातून, मग खिडकीच्या खालच्या चौकटीशी. आम्ही दोघे म्हातारे माळ्याच्या शिडीवर बसून होतो. पहाटे पाणी उतरले. मी मोजपट्टी लावली. चौतीस इंच.

कागद खणांत होते. खण उघडेनात. पोस्टकार्ड न शिरणारे माझे ते सांधे पाणी पिऊन असे फुगले होते, की शेवटी मीच पटाशी घालून माझेच काम फोडले. आत लगदा होता. घराचा मंजूर नकाशा, सोसायटीचे भागपत्र, मुलांचे दाखले. मी तो लगदा हातात धरून उभा राहिलो, आणि अण्णा नारायण पेठेत तसेच का उभे होते ते मला अठ्ठावन्न वर्षांनी कळले.

त्यानंतर घर विकायचे ठरले. सौ.चे गुडघे गेले होते, रंधा धरताना माझा हात थरथरू लागला होता, आणि मुलगी कोथरूडला जवळ बोलावत होती. कागदांच्या नकला मिळवता मिळवता दोन वर्षे गेली. मधले एक वर्ष करोनाने खाल्ले. मग दलाल आला. घर बघून म्हणाला, "काका, हे सगळं फार तुमचं-तुमचं आहे. लोकांना साधं घर लागतं." बँकेचा मूल्यमापक आला. त्याने माझ्या स्वयंपाकखोलीत उभे राहून नकाशा पाहिला आणि शांतपणे सांगितले, "ही खोली नकाशात नाही." ज्या खोलीत चाळीस वर्षे दोन्ही वेळचा स्वयंपाक झाला, तिची किंमत त्याच्या कागदावर शून्य! येणारे गिऱ्हाईक ओट्याशी वाकून म्हणे, "हा फारच खाली आहे हो." कठड्याकडे बघून विचारी, "इथे काय दवाखाना होता का?" प्रत्येक सोय कुणाच्या तरी मापाची होती, ते माणूस बाजूला केले की उरे ती नुसती गैरसोय.

भिंतीवर पुराची तपकिरी रेघ अजून होती. दलाल म्हणाला, "एक हात मारून टाका." मी मारला, दोन हात मारले. पुढच्या रविवारी एक कुटुंब आले. घर आवडले, रक्कमही मनासारखी बोलले. निघताना त्यांच्यातल्या आजोबांनी सहज विचारले, "पाणी वगैरे नाही ना शिरत इकडे?" मी घसा खाकरला. म्हटले, "पर्वतीच्या पायथ्याशी कुठलं हो पाणी..." आणि तेवढ्यात आतून सौ.चा आवाज आला, "शिरलं होतं. माझ्या कमरेपर्यंत."

ते लोक परत आले नाहीत. दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा कप पुढे ठेवून ती म्हणाली, "अहो, तुम्ही फळी तोडलीत तेव्हा अण्णा गप्प बसले. मीही नवी सून म्हणून गप्प बसले. तेव्हा कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, नाही का?" यावर उत्तर नव्हते. दुपारी मी पॉलिश पेपर घेतला आणि ती रेघ पुन्हा उघडी केली. शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली.

शेवटी घर घेतले ते एका तरुण जोडप्याने. त्यांना मी आधी रेघ दाखवली, मग खिडकी. त्यांनी मागितल्या किमतीतले चार लाख कमी केले. मी कबूल झालो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत फोटो झाला आणि अंगठा टेकवायची वेळ आली. यंत्रावर माझा अंगठा उमटेना. कारकुनाने पुसायला लावले, दाबायला लावले. "काका, काम काय करत होता?" म्हणाला. चाळीस वर्षांच्या रंध्याने आणि सिमेंटाने अंगठ्यावरच्या रेषाच झिजवल्या होत्या. सहाव्या खेपेला उमटला.

किल्ल्या देताना मी त्यांना एक वही दिली. कुठली नळी कुठे वळते, कुठले बटण कशाचे, पावसाळ्यात कुठली फट आधी भरायची. शेवटच्या पानावर एकच ओळ होती: कागद चौतीस इंचांच्या बराच वर ठेवावेत.

महिन्याभराने टपाल आणायला गेलो. फाटकाशी राडारोड्याची पोती रचलेली होती आणि एकातून कडप्प्याचा तुकडा डोकावत होता. ओटा गेला होता. ती मुलगी उंच आहे. तिने तसे करायलाच हवे होते. मला वाईट वाटले. पण बोललो नाही. बोलण्याचा हक्क मी १९८२ सालीच घालवला होता. कठडा मात्र जागेवर होता. तिला दिवस गेले होते आणि मोरीकडे जाताना ती त्याला धरून चालत होती.

आता आम्ही कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे. भिंतीला खिळा मारायचा तरी शेजाऱ्यांची झोप मोडते. ओटा सौ.ला उंच पडतो, म्हणून तिच्या पायाखाली मी एक लांब पाट करून दिला आहे. आणि पहिल्या दिवाळीच्या आवराआवरीत बाहेरच्या खोलीत एक फळी मारली. खिळे अण्णांच्या डब्यातले. काही वाकले, ते पुन्हा सरळ केले. घरातले सगळे कागद तिच्यावर ठेवले. काम चालू असताना नात स्टुलाशी उभी राहून बघत होती.

"आजोबा, एवढ्या उंच कशाला? आजीचा हात नाही पोचत."

"पाण्यासाठी," मी म्हणालो.

"चौथ्या मजल्यावर?" असे म्हणून ती पोट धरधरून हसली.

मीही हसलो. फळी जराशी डावीकडे कलली आहे. पातळी घ्यायला विसरलो, असे मी सगळ्यांना सांगतो.