सिंबाची काय चूक?

वीकेण्डचा सिनेमा म्हटलं, की आपल्याला आठवतं मल्टिप्लेक्स आणि पॉपकॉर्न. माझ्या शनिवारच्या सिनेमात यातलं काहीच नसतं. सतरंजी, दहा-बारा मुलं, समुपदेशक ताई आणि लॅपटॉप सांभाळणारा मी. मी काही थेरपिस्ट-बिरपिस्ट नाही. ताई ‘थांब’ म्हणाल्या, की पॉज दाबायचं, एवढंच माझं काम.

ही मुलं मारहाण, अत्याचार किंवा निव्वळ दुर्लक्ष सोसून आलेली. कोणाची काय कहाणी, ते त्या खोलीतच राहतं. पण पॉज दाबल्यावर काय होतं, ते सांगायलाच हवं.

डिस्नेचा १९९४चा ‘द लायन किंग’ घ्या. काका स्कार सख्ख्या भावाचा जीव घेतो आणि छोट्या सिंबाला पटवतो, की बाबा तुझ्यामुळे गेले. सिंबा मोठा होईपर्यंत ते खरं मानतो. गुन्हा एकाचा, ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर!

अशी ओझी घरोघरी आहेत. केंद्र सरकारच्या २००७च्या पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा एखादा तरी प्रकार सोसल्याचं सांगितलं होतं. निम्म्या प्रकरणांत तो करणारा ओळखीचा किंवा विश्वासातला होता. बहुतेक मुलं त्याबद्दल कोणाशी बोललीच नव्हती.

म्हणून ताई ‘तुझ्याबरोबर काय झालं?’ असं विचारत नाहीत. विचारतात, ‘सिंबाची चूक होती का?’ स्वतःबद्दल तोंड न उघडणारी पोरं सिंबाची वकिली मात्र तावातावानं करतात. ‘तो लहान होता ना!’ हे आधी फक्त सिंबासाठी असतं. ते स्वतःलाही लागू आहे, हे कळायला किती शनिवार लागतील, सांगता येत नाही. पण शेजारचाही तेच म्हणतोय, हे ऐकू येतं. ग्रुपचा फायदा हाच.

अर्थात सिनेमा म्हणजे जादूची गोळी नव्हे. उधळलेल्या कळपाचा सीन एखाद्याला झेपत नाही. म्हणून ताई आधी तुकडे निवडतात, खोलीत पूर्ण अंधार करत नाहीत, उठून जायची मुभा देतात. हे प्रशिक्षित माणसाचंच काम. घरी प्रयोग नकोत.

आपण एक मात्र करू शकतो. एखादं मूल काही सांगू लागलं, तर ‘तू तिथे गेलासच कशाला?’ असं विचारायचं नाही. तो स्कारचा डायलॉग आहे, बॉस. ‘तुझी चूक नाही’ म्हणायचं आणि १०९८ फिरवायचा.