दीड हाताची पाणबुडी

दिवाळींत मातीचा किल्ला करणें आणि गणपतीपुढें आरास मांडणें, या दोन गोष्टी आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं केल्या असतील. आम्हींही केल्या. परंतु पन्नाशी उलटल्यावर, केवळ एका कादंबरीकाराच्या कल्पनेंत तरंगलेल्या नौकेची प्रतिकृति करण्यांत आम्ही सात महिने घालवूं, असें कोणी सांगितलें असतें, तर त्यास आम्हीं वेड्यांत काढलें असतें.

आमचें बिऱ्हाड चितेगावास, पैठणच्या रस्त्यावर. येथील एका कारखान्यांत बावीस वर्षें आम्हीं विजेच्या उपकरणांना डाख देण्याचें काम केलें. नोकरी सुटली त्या दिवशीं हत्यारांची पेटी माळ्यावर गेली, ती दोन वर्षें खालीं आली नाहीं. घरांत कोणी तिचा विषय काढीत नसे. मग गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुट्टींत भाचा आला. आमच्या पिढीस ज्यूल व्हर्न भेटला तो भा. रा. भागवतांच्या मराठींतून, भाच्याच्या हातीं मात्र संपूर्ण इंग्रजी भाषांतर होतें. "मामा, ही नॉटिलस करून द्याल?" असें त्यानें विचारलें. आम्हीं हसून टाळलें. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों पेटी पुसून टेबलावर ठेवलेली. ती कोणीं काढली हें विचारण्याचें कारण नव्हतें. माळ्यावर चढावयाचें स्टूल स्वयंपाकघरांतच होतें.

१८७० सालच्या या कादंबरींत व्हर्ननें नौकेचीं मापें एखाद्या इंजिनियराप्रमाणें दिलीं आहेत. दोन्ही टोकांस निमुळता होत जाणारा लांबट नळा. लांबी ७० मीटर, जास्तींत जास्त रुंदी ८ मीटर, पंखा ६ मीटर व्यासाचा. हौशी लोक बहुधा १९५४ च्या चित्रपटांतील करवतीसारख्या पाठीची नौका करतात. ती दिसावयास झोकदार खरी, पण व्हर्नची नव्हे. आम्हीं पुस्तक प्रमाण मानावयाचें ठरविलें.

प्रमाण मात्र नळानें ठरविलें! बोअरच्या कामांतून उरलेला ७५ मिलिमीटरचा पाइप घरांत होता. त्याच्या हिशेबानें लांबी ६५६ मिलिमीटर आली. टोकांचे शंकू शहरांतील एका काताऱ्याकडून सागवानाचे करून घेतले. "भोवरा म्हणावा तर फार लांब आहे," एवढाच त्याचा अभिप्राय.

त्यानंतर पत्र्यांचा प्रश्न. प्रोफेसर आरोनाक्स रात्रीं समुद्रांत पडून प्रथम नौकेच्या पाठीवर चढतो, तेव्हां ती पाठ त्यास काळसर, गुळगुळीत व खवल्यांवांचून लागते. पुढें दिवसाउजेडीं मात्र तो सांगतो, कीं पत्रे किंचित् एकमेकांवर चढलेले असून सरपटणाऱ्या प्राण्याच्या खवल्यांसारखे दिसतात. आतां खरें कोणतें? नुकत्याच बुडतां बुडतां वांचलेल्या माणसाची साक्ष आम्हीं ग्राह्य धरली नाहीं. खवले करावयाचे ठरलें. बाहेरच्या पत्र्याची जाडी व्हर्ननें निदान ५ सेंटिमीटर सांगितली आहे. आमच्या प्रमाणांत ती अर्धा मिलिमीटर होते, म्हणून तेवढ्याच जाडीच्या प्लास्टिकचे तुकडे कापून, एकावर एक किंचित् चढवून चिकटविले. महिनाभर हेंच काम चाललें. तें संपल्यावर मोजतों तों नौका ७७ मिलिमीटर रुंद! पत्र्यांची जाडी हिशेबांत धरावयास आम्ही विसरलों होतों. बावीस वर्षें मोजमापांत काढलेल्या माणसास ही चूक शोभणारी नव्हे. नव्या प्रमाणांत लांबी ६७४ भरावयास हवी. म्हणून मागचा शंकू १८ मिलिमीटरनें लांब करून आणावा लागला. कातारी या वेळीं कांहीं बोलला नाहीं.

कॅप्टन नेमोनें आपल्या नौकेचे भाग जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून, निरनिराळ्या नांवांनीं मागविले होते: कणा फ्रान्समधील क्रूझोहून, पत्रे लिव्हरपूलहून, पंखा ग्लासगोहून, पुढची टोंचणी स्वीडनहून. आमचा पंखा देवघरांतून आला. तांब्याची एक जुनी पळी दांड्याशीं तुटून पडली होती. तिचा पत्रा सपाट करून पातीं कापलीं आणि ५८ मिलिमीटरचा पंखा जोडावयास बसलों. दोन वर्षांनीं डाख द्यावयाचा. पहिला थेंब गोळा होऊन खालीं पडला, दुसराही. तिसरा बसला.

त्याच संध्याकाळीं भाच्यानें दूरध्वनीवरून व्हर्नच्या पुढच्या कादंबरींतील एक भाग वाचून दाखविला. १८७४-७५ सालीं निघालेल्या त्या पुस्तकांत कळतें, कीं नेमो म्हणजे बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा दक्कर. सत्तावनच्या युद्धांत लढून घरचीं सर्व माणसें गमावलेला. व्हर्नच्या मनांत आधीं तो पोलंडचा होता, पण प्रकाशक हेत्झेल यास तें मानवलें नाहीं. सर्व गेल्यावर हा राजपुत्र विसेक विश्वासू सोबती घेऊन पॅसिफिकमधील एका निर्जन बेटावर गेला आणि तेथें त्यानें ही नौका बांधली. भाचा पुढेंही वाचीत होता. आमचें लक्ष पंख्याच्या तिसऱ्या पात्याकडे होतें, असें आम्हीं त्यास सांगितलें.

रंगाचें काम मे महिन्यांत निघालें, हा आमचा दुसरा मूर्खपणा. मोटारींना देतात तो करडा प्रायमर दिला आणि रस्त्यावरची सारी धूळ त्यावर येऊन बसली. पाण्याच्या पॉलिश-कागदानें घासून पुन्हां दिला. मग घरांतूनच तोड निघाली: पाळण्यावरची जुनी मच्छरदाणी, तिच्यावर ओलें पातळ, आणि आंत नौका. काळा रंग वाळल्यावर कुंचला रुपेरी करड्या रंगांत बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा पुसावयाचा व नुसता पृष्ठावरून फिरवावयाचा. रंग केवळ उंच कडांस लागतो आणि एकेक खवला उठून दिसूं लागतो. महिनाभराचें कापणें-चिकटविणें अर्ध्या तासांत डोळ्यांसमोर आलें. कडांवर गंज दाखविण्याची हौशी मंडळींत फार आवड. नेमोसारखा टापटिपीचा मनुष्य आपली नौका गंजूं देईल, हें आम्हांस पटेना.

भाद्रपदांत ती गणपतीच्या आरासींत ठेविली, दिवाणखान्याच्या खिडकींत बारीक दिवा लावून. मुलांनीं दिवा पाहिला. कारखान्यांतील जुने सोबती दर्शनास आले, त्यांपैकीं एकानें प्रसाद डाव्या हातांत धरला, उजव्या हातानें नौका अलगद उलटी केली आणि चष्मा कपाळावर चढवून पंख्याच्या बुडाशीं दिलेला डाख तो बराच वेळ पाहत राहिला.