लाईट गेली की रेंज का जाते?

जून उजाडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट, लवळे इकडच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो. "लाईट गेली, आता रेंज पण गेली. कुणाची चालू आहे का?" खाली महावितरणला चार शिव्या, कंपनीला आठ, आणि मग लाईट येईपर्यंत शांतता. शांतता असणारच, कारण रेंजच नाही.

मी ह्याच धंद्यात आहे. टॉवरच्या पायथ्याशी जे पत्र्याचं कपाट असतं, त्यातल्या रॅकमध्ये बसणारी वीजपुरवठ्याची आणि देखरेखीची यंत्रं डिझाईन करतो. म्हणून एकदा नीट लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

त्या कपाटात १९ इंची रॅक असतो. प्रत्येक यंत्राला उंचीची मापं ठरलेली, एक घर म्हणजे पावणेदोन इंच. सगळं चालतं ४८ व्होल्ट डीसीवर, तेही उणे ४८. टेलिफोन एक्स्चेंजच्या काळापासूनची ही रीत. धन टोक जमिनीला जोडलं की ओलाव्यात तांब्याच्या तारा कमी खातात, हे त्यामागचं कारण. महावितरणची वीज रेक्टिफायरमध्ये येते, तिथून डीसी होऊन रेडिओला जाते आणि त्याच तारेवर बॅटऱ्या कायम जोडलेल्या असतात. लाईट गेल्यावर काही स्विच-बिच पडायची वाट बघावी लागत नाही, बॅटरी आधीपासून रांगेत उभीच असते. त्यामुळे लाईट गेल्या क्षणी रेंज जात नाही. जाते ती थोड्या वेळाने. तो थोडा वेळ किती, हाच सगळा प्रश्न आहे.

हिशोब करून बघा. समजा साईटवर १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या आहेत, २०० अँपिअर-अवरच्या. म्हणजे कागदावर ९.६ युनिट. रेडिओ खातात २.४ किलोवॅट. लेड-ॲसिड बॅटरीतून इतक्या वेगाने वीज ओढली की पूर्ण मिळत नाही, तरी नवी असताना तीन तास आरामात निघतात. आता ती बॅटरी पत्र्याच्या कपाटात दोन-तीन उन्हाळे भाजू द्या. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं, हा ह्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. तीनाचा दीड तास झाला. मग एक दिवस त्याच टॉवरवर ५जीचे रेडिओ चढतात आणि लोड जवळजवळ दुप्पट होतो. बॅटऱ्या मात्र त्याच. आता पाऊण तास मिळाला तरी नशीब. तुमच्या फोनवर ५जीची खूण आली म्हणून पेढे वाटले असतील, तर खाली कपाटात काय झालं तेही कळलेलं बरं.

डिझेल जनरेटर असतो की, असं कुणी म्हणेल. काही ठिकाणी असतो. पण भूगावातले बरेच टॉवर सोसायट्यांच्या गच्चीवर आहेत. तिथे जनरेटर ठेवायला जागा नाही, आवाजाची तक्रार वेगळीच. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि पाण्याचा पंप चालवतो, वरच्या टॉवरचं मीटर वेगळं.

आता माझ्या खास विषयाकडे येतो, देखरेख. रॅकमधलं छोटं यंत्र लाईट गेली, दार उघडलं, धूर झाला, तापमान वाढलं हे सगळं दूरच्या शहरातल्या कंट्रोल रूमला कळवतं. गंमत अशी की ते कळवतं त्याच नेटवर्कवरून. साईट पूर्ण बसली की यंत्रही मुकं होतं, आणि तिकडे स्क्रीनवर फक्त लाल ठिपका उरतो. म्हणून ह्या यंत्राचा खरा उपयोग साईट बंद पडल्यावर नाही, दोन महिने आधी आहे. चार बॅटऱ्यांच्या ओळीवर ५४ व्होल्ट असेल तर मधोमध २७ दिसायला हवेत. एका बाजूला २७.८ आणि दुसऱ्या बाजूला २६.२ दिसायला लागले की कुठलीतरी बॅटरी मरायला टेकली आहे. एवढं कळायला लागते एक जादा वायर आणि थोडं सॉफ्टवेअर. एका ग्राहकाने (नाव सांगत नाही) आमच्या डिझाईनमधून नेमकी तीच वायर काढायला लावली. खर्च वाचतो म्हणे. खरं कारण वेगळं असावं. बॅटरी खराब असल्याची नोंद एकदा झाली की ती बदलावी लागते.

आणि दुसरी गोष्ट, जी कुणाला माहीतच नसते. बॅटरी उतरायला लागली की सगळं एकदम बंद करायची गरज नसते. आधी जास्त वीज खाणारे ५जीचे आणि वरच्या बँडचे रेडिओ तोडायचे, खालच्या बँडचा एक थर चालू ठेवायचा. रील बंद, फोन चालू. कॉल लागतात, १०८ लागतो, ११२ तर कुठल्याही कंपनीच्या सिग्नलवर लागतो. ही सोय यंत्रात असते, फक्त आकडे भरायचे असतात. ते आकडे कोण ठरवतं? दूरवर बसलेलं कुणीतरी, ज्याने ताम्हिणीचा पाऊस कधी पाहिलेला नाही.

हे माझं घोडं पुढे दामटणं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आपल्या मुळशी-मावळापर्यंत खांब आडवे झाले. रायगडमध्ये काही गावांत वीज यायला आठवडे लागले, आणि फोनही विजेच्या मागे गेले. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतं? ती सरकारची आपत्ती इशाऱ्याची चाचणी होती. चांगलीच योजना आहे. पण इशारा पोचतो जिवंत टॉवरवरूनच.

मग नियम काय म्हणतात? ट्रायच्या निकषात केंद्रांचा एकत्रित बंद काळ महिन्याला २ टक्क्यांपर्यंत चालतो. महिन्याचे ७२० तास धरले तर १४ तास २४ मिनिटं. तीही अख्ख्या परवाना क्षेत्राची सरासरी, म्हणजे मुंबई सोडून महाराष्ट्र आणि वर गोवा. त्यात आपल्या दोन-तीन टॉवरचा काळोख कुठे दिसणार? २०२४ च्या नवीन नियमात ग्राहकाला भरपाई आहे, पण सेवा जिल्हा पातळीवर २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तरच. मुळशी हा तालुका आहे साहेब. कॅलिफोर्नियात वणव्यांमुळे असेच हाल झाल्यावर तिथल्या नियामकाने २०२० मध्ये धोक्याच्या भागांत ७२ तासांचा बॅकअप सक्तीचा केला. आपण ७२ मागत नाही. आठ द्या.

(मुळशीचं नशीबच असं आहे. सेनापती बापटांच्या सत्याग्रहानंतरही धरण झालं, पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरलं, त्याची वीज गेली मुंबईला. आणि आम्ही इथे मेणबत्ती शोधतोय.)

टॉवर म्हटलं की आपल्याकडे सोसायटीची सभा रेडिएशनवर दोन तास चालते आणि भाड्यावर तीन. बॅटरीवर मी आजवर एकही प्रश्न ऐकलेला नाही. खरंतर भाडेकरार हे आपल्या हातातलं एकमेव कागद आहे. नूतनीकरणाच्या वेळी त्यात लिहून घ्या: किमान इतके तास बॅकअप, दर सहा महिन्यांनी बॅटरीची चाचणी आणि तिचा निकाल सोसायटीला, लोड वाढवला तर बॅटरीही वाढवायची. ग्रामपंचायत टॉवरवर कर घेते, तिनेही ग्रामसभेत हेच विचारावं.

भूगाव-भुकूममध्ये ज्यांचा करार यंदा संपतोय त्यांनी कमेंटमध्ये फक्त सोसायटीचं नाव टाका. रविवारी मोकळा असतो. कलमाचा मसुदा मराठीत करून देतो, पैसे नकोत. कपाट उघडायची परवानगी मिळाली तर बॅटरीवरची उत्पादनाची तारीख पण वाचून येऊ.