खांबाखालचं सोयाबीन

सेलू, जि. परभणी

प्रिय वसू,

एडिंबरातल्या डॉक्टरणीने ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या म्हणून काय चिडलीस गं! "सेलूच्या उन्हात वाढलेलं अंग माझं" हे तिला ऐकवून उपयोग नाही. तिकडे हिवाळाभर सूर्य इतका खाली असतो की कातडीत ड जीवनसत्त्व घडवणारे यूव्ही-बी किरण तिरपे येता येता वरच्या ओझोनमध्येच जिरतात. काचेतून तर ते जवळपास येतच नाहीत, तेव्हा खिडकीशी ऊन खात बसू नकोस. शिवाय आपल्या सावळ्या कातडीतलं जे मेलॅनिन इथे आपल्याला राखतं, तेच तिकडे उरलासुरला किरण अडवतं. मुकाट गोळी घे.

आता इकडची गंमत ऐक. दसऱ्याच्या सुमारास आमच्या आखाड्यावरचं सोयाबीन काढायला आलं. सगळं रान पिवळं पडलेलं, पानं गळालेली, शेंगा वाजायला लागलेल्या. आणि रस्त्याकडच्या खांबाभोवती हिरवागार गोल! झाडं पानांनी भरलेली, शेंगा अजून कोवळ्या. भाऊजी म्हणाले, खत जास्त पडलं. सालगडी म्हणाला, तिथं पाणी थांबतं. वर रात्रभर जळणाऱ्या एलईडीकडे मात्र कुणी मान वर करून बघेना.

सोयाबीन रात्र मोजतं, वसू. 1920 साली अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी हे उलगडलं. बिलॉक्सी नावाचं सोयाबीन त्यांनी वेगवेगळ्या तारखांना पेरलं, तरी फुलं आली ती जवळपास एकाच सुमारास. मग त्यांनी झाडं रोज थोडा वेळ अंधाऱ्या खोलीत कोंडून दिवस छोटा केला, तर ती लवकर फुलली. पुढे कळलं की खरं माप अखंड काळोखाचं. पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. लाल प्रकाश पडला की ते एका रूपात जातं, काळोखात हळूहळू परत फिरतं. मधेच दिवा लागला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आमच्या खांबाखालच्या झाडांना बिचाऱ्यांना अजून आषाढच वाटत होता. हे शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊकच असतं म्हणा. परभणी विद्यापीठाचं एमएयूएस-71 उशिरा पेरा, झाड बुटकं राहतं, पण काढणी फार मागे पडत नाही.

याच दिव्याची दुसरी बाजू जूनमध्ये दिसते. पहिला जोराचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून लिंबावर, बाभळीवर बसतात आणि उजेडाकडे धावतात. म्हणून तर प्रकाश सापळे लावतात. कित्येक किड्यांना आपल्याला न दिसणारा अतिनील उजेड दिसतो, त्यामुळे सापळ्यात तसल्या दिव्याला जास्त किडे येतात. पण ते दिव्याभोवती गरगरतात का? 2024 साली एक छान उत्तर छापून आलं. किडा उडताना पाठ उजेडाकडे ठेवतो, कारण कोट्यवधी वर्षं रात्रीचा उजेड म्हणजे वरचं आभाळच. दिवा शेजारी आला की तो त्याच्याकडे पाठ करत कलतो आणि घिरट्यांत अडकतो. प्रेमात जळणारा पतंग वगैरे आपण उगाच रचलं!

आणि इंचू! भाऊजींकडे नोटा तपासायची जांभळी बॅटरी आहे. रात्रपाळीच्या पाण्याला जाताना ती बांधावरच्या दगडांवर मारली तर इंचू हिरवट-निळा चमकतो. कातीत असे पदार्थ असतात, जे अतिनील प्रकाश घेऊन आपल्याला दिसणारा परत देतात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची कात मऊ असते, ती चमकत नाहीत. ज्यांच्या प्राझोसिनमुळे लाल विंचवाच्या दंशातले कितीतरी जीव वाचले, ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचेच. तरी बॅटरी आधी, डॉक्टर नंतर, हेच बरं.

खांबाचं म्हणशील तर घरात दोन तट पडलेत. भाऊजींना दिवा बंद हवा, कारण मळणी यंत्रात हिरवी झाडं अडकतात. आम्हा बायकांना तो हवाच. त्या वळणावर पावसाळ्यात साप निघतात. मी म्हटलं, रानाच्या बाजूला पत्र्याची झाप लावा, उजेड रस्त्यावर पडू दे. त्यावर भाऊजींनी "बघू" म्हटलंय. पत्रा घरचाच आहे, शिडी तेवढी मागून आणायचीय.

तुझी,
शालू