मुखपृष्ठावरची ती

नव्या कादंबरीचं मुखपृष्ठ आज आलं. माझी नायिका चाळिशीची, चष्मेवाली. चित्रात मात्र विशीतली, केस मोकळे सोडलेली. प्रकाशक म्हणाले, "ताई, प्रेमकथा आहे, स्टॉलवर उठून दिसायला हवी." दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं पाहत वाढलेली मी, सुंदर बाईला माझी ना नाही. पण तिचा चष्मा परत मागितला.

संमेलनांत प्रेमकथावालीला कडेचीच खुर्ची मिळते. खरं तर १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ना. सी. फडके, प्रेमकथांनीच वाचकप्रिय झालेले!

असो. मला परिसंवादापेक्षा परतीची एसटी आवडते. शेजारची बाई फोनवर नवऱ्याशी कडाकडा भांडते आणि मध्येच विचारते, "जेवलात का?" असा संवाद मला टेबलाशी बसून कधीच सुचला नसता.