काळ्या नखाची कसोटी

सातपाटीच्या कोळीवाड्यात वाढलेल्या कुत्र्याची नखं कापायची वेळ सहसा येत नाही. वाळू, डांबर आणि गावभर हिंडणं, यातच ती झिजतात. बोईसरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लॅब्राडॉरचं तसं होत नाही. घरात गुळगुळीत लादी, मालक तारापूर एमआयडीसीत शिफ्टला, फिरणं सोसायटीभोवतीच. पावसाळ्यात तेही आखडतं. उभं राहिल्यावर नख जमिनीला टेकत असेल तर ते वाढलेलं आहे. अशा नखांनी बोटं फाकतात, चाल बिघडते, म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांध्यांवर ताण येतो.

कात्री पक्कडीसारखी, धारदार हवी. आपलं नेलकटर कुत्र्याचं गोल नख दाबून चिरतं, ते नकोच. पण कात्रीच्याही आधी पंजा. नखं कापायला मी नवीन कुत्र्याकडे गेलो की पहिल्या भेटीत फक्त पंजा हातात घेतो, बोटं हलकेच दाबतो, उकडलेल्या चिकनचा तुकडा देतो आणि निघतो. पाय बाजूला ओढायचा नाही. आहे तिथेच, खालून आधार द्यायचा. कुत्रं ओठ चाटू लागलं, जांभया देऊ लागलं, डोळ्यांचं पांढरं दिसू लागलं की थांबायचं. चौघांनी धरून दाबलेल्या कुत्र्याची नखं त्या दिवशी कापून होतात, पण पुढच्या वेळी ते कात्री पाहूनच पलंगाखाली जातं. ही पद्धत मला मान्य नाही.

पांढऱ्या नखात आतली जिव्हाळी गुलाबी दिसते, तिच्या अलीकडे थांबलं की झालं. आपल्या देशी कुत्र्यांची नखं मात्र बहुधा काळी. खरं काम तिथे. टोकाकडून पातळ काप घ्यायचा आणि कापलेली बाजू उजेडात पाहायची. आधी ती कोरडी, भुरकट दिसते. आणखी एक-दोन काप घेतल्यावर मधोमध गडद ठिपका उमटतो. तिथे हात थांबला पाहिजे, नख कितीही लांब राहिलेलं असो. जिव्हाळीत रक्तवाहिनीही असते आणि मज्जातंतूही, म्हणून ती लागली की रक्त येतं आणि दुखतंही फार. वाढलेल्या नखात जिव्हाळीही पुढे आलेली असते. दर आठवड्या-दहा दिवसांनी थोडं थोडं कापलं तर ती हळूहळू मागे सरकते. एकाच बैठकीत सगळं उरकायचा आग्रह मालकांनी धरला तरी मी तो मानत नाही.

रक्त आलंच तर घाबरून ओरडू नका, कुत्रं अधिक बिथरतं. रक्त थांबवायची पावडर किंवा कॉर्नफ्लोअर नखाच्या टोकाला लावून काही मिनिटं दाबून धरा. नंतर त्याला थोडा वेळ ओल्या फरशीवर जाऊ देऊ नका. तरीही रक्त थांबत नसेल तर पशुवैद्य गाठा.

एक नख मात्र कोळीवाड्यातल्या कुत्र्याचंही झिजत नाही. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, वर असलेलं अंगठ्याचं. उभं असताना किंवा चालताना ते जमिनीला टेकत नाही, वळत वळत कातडीत रुतू शकतं. पॉमेरियनच्या दाट केसांत तर ते दिसतही नाही. आज तुमच्या कुत्र्याचा पंजा हातात घ्या, कात्री बाजूला ठेवा, आणि ते नख बोटांनी चाचपून पाहा.